दावण्या बुरशी नाही, मग कोण? सजीवांच्या सृष्टी नक्की किती?

येरळाकाठ

नमस्कार मंडळी.

फळछाटणी होऊन बागा फुटल्या की आमच्या तासगाव-कवठेमहांकाळ पट्ट्यात बोलायला दुसरा विषय नसतो. पाऊस किती झाला आणि दावण्या हा द्राक्षावरचा रोग कुणाच्या बागेत शिरला, एवढंच. मी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवतो आणि घरची द्राक्षबाग आहे, त्यामुळे या दिवसांत दोन प्रश्न हमखास कानावर येतात. अकरावीची मुलं विचारतात, "सर, आठवीत पाच सृष्टी शिकलो, क्लासमध्ये तीन डोमेन सांगतात, मोबाईलवर सात सृष्टी दिसतात. खरं काय?" आणि औषधाच्या दुकानात शेजारचे बागायतदार विचारतात, "भुरी काय नि दावण्या काय, दोन्ही बुरशीच ना? मग भुरीचं औषध मारून दावण्या का हटत नाही?"

माझ्या मते हे दोन्ही मिळून एकच प्रश्न आहे, म्हणून हा धागा काढतोय.

भुरी ही खरी बुरशी. दावण्या, म्हणजे कृषी खात्याच्या पत्रकातला केवडा, शास्त्रीय नाव प्लाझ्मोपारा विटिकोला, हा बुरशीत मोडत नाही. पानाच्या मागच्या बाजूला पांढरी लव दिसते, तंतू असतात, बीजाणू असतात, म्हणून शंभरेक वर्षं त्याला बुरशीतच धरलं. पण तो ऊमायसीट या गटातला आहे, आणि या गटाचं जवळचं नातं समुद्रातल्या तपकिरी शैवालांशी आणि डायटम या एकपेशीय शैवालांशी लागतं. खऱ्या बुरशीपेक्षा समुद्रातलं शैवाल त्याला जास्त जवळचं.

हे कशावरून ठरलं? भुरीच्या पेशीभित्तिकेत कायटिन असतं. दावण्याच्या भित्तिकेत मुख्यतः ग्लुकन आणि सेल्युलोज. दावण्याच्या बीजाणूपासून पाण्यात पोहणारे चलबीजाणू सुटतात, आणि प्रत्येकाला दोन कशाभिका, म्हणजे पोहायचे शेपटीसारखे धागे, असतात, एक साधी आणि एक बारीक केसांनी भरलेली. ही केसाळ कशाभिका तपकिरी शैवालांच्या पोहणाऱ्या पेशींतही सापडते, खऱ्या बुरशीत नाही. पुढे डीएनए वाचता यायला लागला आणि त्यानंही हेच नातं दाखवलं.

आता बागेत या. पान ओलं राहिलं की दावण्या का येतो? कारण त्याच्या चलबीजाणूंना पानावरच्या पाण्यातून पोहत पर्णरंध्रापर्यंत जायचं असतं. भुरीला असं साचलेलं पाणी लागतच नाही, ती कोरड्या पानावरही पसरते. भुरीवरची ट्रायझोल गटातली औषधं अर्गोस्टेरॉल तयार होण्याची वाट अडवतात. अर्गोस्टेरॉल हा बुरशीच्या पेशीपटलाचा महत्त्वाचा घटक. दावण्या ते स्वतः बनवतच नाही, मग अडवणार काय? उलट मेटॅलॅक्झिल ऊमायसीटांच्या आरएनए बनवणाऱ्या यंत्रणेवर बसतं, भुरीला त्याचा काही फरक पडत नाही. मँडिप्रोपॅमिड तर सेल्युलोज बांधणाऱ्या विकरावरच (एन्झाइमवरच) घाव घालतं.

म्हणून मी मुलांना सांगतो की सृष्टी म्हणजे नात्याबद्दल केलेलं विधान आहे. ते बरोबर असेल तर त्यावरून पुढचं बरंच काही आधीच सांगता येतं, औषध लागू पडेल की नाही इथपर्यंत.

बोला मंडळी. शंका असतील त्याही येऊ द्या.

-----

विश्रामबाग_सांगली

सर, छान लिहिलंत. माझी मुलगी आठवीत आहे, पहिलाच धडा सूक्ष्मजीवांच्या वर्गीकरणाचा. लिनियस १७३५, हेकेल १८६६, चॅटन १९२५, कोपलँड १९३८, व्हिटाकर १९६९ असं सगळं तिनं पाठ केलंय. पण तिनं मला विचारलं की दर वेळी बदलायची गरज का पडली, आणि ते मला सांगता आलं नाही. नुसती सनावळी पाठ करून काय उपयोग? कुणाला काय अडचण आली म्हणून बदललं, ते सांगाल का?

-----

बोर्डो_मिश्रण

दावण्यावर मोरचूद (कॉपर सल्फेट) चालतं हे आजोबांपासून माहीत आहे. ते कसं मग? ते तर भुरीवरही थोडंफार काम करतं.

-----

येरळाकाठ

@बोर्डो_मिश्रण दादा, तांबं एका ठरावीक जागी घाव घालत नाही. तांब्याचे आयन पेशीतल्या कितीतरी प्रथिनांचं काम बिघडवतात, म्हणून ते ऊमायसीट, बुरशी, जिवाणू सगळ्यांवर कमी-जास्त चालतं. पण मोरचूद आणि चुन्याच्या बोर्डो मिश्रणाचा जन्म दावण्यामुळेच झाला. हा रोग मूळचा उत्तर अमेरिकेतला, १८७८ च्या सुमारास फ्रान्सच्या द्राक्षबागांत पोचला. बोर्डो विद्यापीठातले वनस्पतिशास्त्रज्ञ मिलार्डे यांच्या लक्षात आलं की मेडॉक भागात रस्त्याकडेच्या वेलींची पानं टिकून आहेत आणि आतली झडली आहेत. येणाऱ्या-जाणाऱ्यांनी घड तोडू नयेत म्हणून कडेच्या ओळींवर मोरचूद आणि चुना मारलेला होता. त्यावर प्रयोग करून त्यांनी १८८५ मध्ये ते मिश्रण जाहीर केलं. त्या वेळी सगळे दावण्याला बुरशीच समजत होते आणि तरी औषध लागू पडलं, कारण तांबं नातं बघत नाही. आजची नेमकं काम करणारी औषधं मात्र नातं बघतात.

@विश्रामबाग_सांगली ताई, तुमच्या मुलीचा प्रश्न फार चांगला आहे. जरा सविस्तर लिहितो.

लिनियसच्या काळात सगळं डोळ्यांनी दिसणाऱ्यावर चाललं होतं. हलतं-फिरतं, खातं ते प्राणी, एका जागी उभं राहतं ते वनस्पती. बुरशी एका जागी उगवते म्हणून वनस्पतीत गेली. त्याच्याही आधी, १६७६ मध्ये डेल्फ्टच्या लेव्हेनहूकनं आपल्या भिंगातून पाहिलेल्या अतिसूक्ष्म जीवांबद्दल लंडनच्या रॉयल सोसायटीला कळवलं होतं. म्हणजे जिवाणू माणसाच्या नजरेला पडले होते, पण त्यांना ठेवायला जागा नव्हती. लिनियसनं १७६७ च्या आवृत्तीत असल्या जीवांना कृमींच्या गटात 'केऑस' नावाच्या प्रजातीत टाकलं. केऑस म्हणजे गोंधळ. निदान प्रामाणिकपणे टाकलं.

मग युग्लीना आला. तो हिरवा आहे, उन्हात अन्न बनवतो आणि कशाभिका हलवत पोहतोही. वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकातही तो आणि प्राणिशास्त्राच्याही. हेकेलनं १८६६ मध्ये अशांसाठी तिसरी सृष्टी काढली, प्रोटिस्टा.

चॅटननं १९२५ मध्ये बघितलं ते पेशीच्या आत. काही पेशींत पटलानं वेढलेलं केंद्रक असतं, काहींत नसतंच. दृश्यकेंद्रकी आणि आदिकेंद्रकी. सजीवांमधली ही फारच मोठी दरी आहे. वड आणि वाघ या दरीच्या एकाच काठावर आहेत, आणि दही लावणारा लॅक्टोबॅसिलस दुसऱ्या काठावर. कोपलँडनं १९३८ मध्ये केंद्रक नसलेल्यांना स्वतंत्र सृष्टी दिली, मोनेरा. चॅटनची कल्पना मात्र बरीच वर्षं कुणी फार मनावर घेतली नाही, १९६२ मध्ये स्टॅनियर आणि व्हॅन नील यांनी ती पुन्हा नीट मांडली तेव्हा रुजली.

व्हिटाकर हे परिसंस्थांचा अभ्यास करणारे. जंगलात कोण काय करतं याकडे त्यांचं लक्ष. वनस्पती अन्न बनवतात, प्राणी ते गिळतात, आणि बुरशी बाहेरच पाचकरस सोडून विरघळलेलं शोषून घेते. जगण्याची ही तिसरी रीत वनस्पतीच्या सृष्टीत कशी बसणार? म्हणून १९६९ मध्ये कवकांना स्वतंत्र सृष्टी मिळाली आणि पाच झाल्या.

पण लक्षात घ्या, शोषून जगतो या कसोटीवर व्हिटाकरनं ऊमायसीटांनाही कवकांतच ठेवलं होतं. तिथेच दावण्याचा घोळ झाला. सारख्या रीतीनं जगणारे एकाच घरातले असतीलच असं नाही.

आणि पाचांवरही थांबलं नाही. २०१५ मध्ये शास्त्रज्ञांच्या एका गटानं सात सृष्टींची मांडणी प्रसिद्ध केली: जिवाणू, आर्किया, प्रोटोझोआ, क्रोमिस्टा, कवके, वनस्पती, प्राणी. यातल्या क्रोमिस्टात दावण्या, डायटम आणि तपकिरी शैवालं एकत्र येतात. क्रोमिस्टाची कल्पना कॅव्हेलियर-स्मिथ यांची, १९८१ पासूनची. ती सगळ्यांना मान्य नाही, आणि प्रोटिस्टांवर काम करणारे बरेच जण आता सृष्टी हा शब्द वापरतच नाहीत, मोठमोठ्या वंशगटांच्या नावांनी बोलतात. तो वाद क्रोमिस्टाच्या कुंपणाबद्दल आहे. दावण्याचं शैवालांशी नातं आहे यावर मात्र आता वाद नाही.

-----

निवृत्त_शिक्षक_वाई

धागा उत्तम. पण पाच सृष्टींच्या बाजूनं मला बोलायचं आहे.

मी आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलं. व्हिटाकरची मांडणी मुलाला सुचते, कारण तिच्यातली प्रत्येक पायरी त्याला पडताळता येते. केंद्रक आहे का? पेशी एक की अनेक? अन्न बनवतो, गिळतो की शोषतो? शाळेतल्या सूक्ष्मदर्शकाखाली डबक्यातल्या पाण्याचा थेंब ठेवला की चर्चा सुरू होते. डीएनएचा क्रम बघून ठरवायचं म्हटलं की मुलाच्या हातात काहीच राहत नाही, सगळं कुणीतरी सांगितलं म्हणून मान्य करायचं. मग वर्गीकरण हे निरीक्षणाचं शास्त्र न राहता पाठांतराचं होऊन बसतं. आणि दर वीस वर्षांनी बदलणार असेल तर शाळेत स्थिर असं काहीतरी हवं की नको?

-----

येरळाकाठ

मास्तर, तुमचा मुद्दा मला मोलाचा वाटतो आणि आठवीला पाच सृष्टीच शिकवाव्यात असंच मीही म्हणेन. थेंब बघितल्याशिवाय मूल या विषयात शिरतच नाही.

फक्त एक गोष्ट त्याच वर्गात सांगावी असं वाटतं. या पाचांपैकी प्राणी, वनस्पती, कवके ही वंशाची एकसंध घरं म्हणता येतील, ऊमायसीटांसारखे परके बाहेर काढले की. प्रोटिस्टा हे घर नाही. दृश्यकेंद्रकींपैकी जे इतर तिघांत बसले नाहीत ते सगळे तिथे ठेवले. हिवतापाचा प्लाझमोडिअम, अमीबा, डायटम, युग्लीना यांचं एकमेकांशी नातं तुमच्या-माझ्या आणि अळंबीच्या नात्यापेक्षा लांबचं आहे. 'प्रोटिस्टा ही एक सृष्टी' असं मुलाच्या डोक्यात पक्कं बसलं तर पुढे फार त्रास होतो, हे मी दरवर्षी अकरावीत बघतो.

आणि डीएनएचा क्रम म्हणजे कुणीतरी सांगितलेलं असं वाटतं खरं. पण तो मुलांना हातात देता येतो. मी चार सजीवांच्या एकाच जनुकाचे छोटे तुकडे कागदावर छापून देतो आणि कुठे कुठे अक्षर वेगळं आहे ते मोजायला लावतो. कोण कुणाच्या जवळ हे मुलं स्वतः काढतात. तेही निरीक्षणच.

-----

सूक्ष्मदर्शी_कऱ्हाड

येरळाकाठ यांनी आर्किया हा शब्द वापरला आणि पुढे गेले. मला वाटतं या धाग्यातली सगळ्यात मोठी गोष्ट तीच आहे, त्यामुळे थोडं लिहिते. मी सूक्ष्मजीवशास्त्रातली.

ज्यांच्या गोठ्यामागे गोबरगॅस आहे त्यांनी हे वाचाच. शेण-पाणी कालवून टाकीत सोडलं की आधी निरनिराळे जिवाणू त्यातले मोठे रेणू तोडतात, त्यातून आम्लं, हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड तयार होतं. पण शेवटचं काम, म्हणजे शेगडीत जळणारा मिथेन बनवणं, यातला एकही जिवाणू करत नाही. ते करतात मिथेनजनक आर्किया. सूक्ष्मदर्शकाखाली हे जिवाणूंसारखेच दिसतात. आकार तेवढाच, केंद्रक नाही. १९७७ पर्यंत सगळ्या जगानं त्यांना जिवाणूच मानलं होतं.

इलिनॉय विद्यापीठात कार्ल वूज नावाचे शास्त्रज्ञ रायबोझोममधला, म्हणजे पेशीत प्रथिनं बनवणाऱ्या यंत्रणेतला, एक आरएनए वेगवेगळ्या सजीवांतून काढून त्याचे तुकडे ताडून बघत होते. हाच रेणू का निवडला? कारण रायबोझोम प्रत्येक पेशीला लागतोच, आणि त्यात बदल फार सावकाश होतात. म्हणून अब्जावधी वर्षांची दुराव्याची खूण त्यात टिकून राहते. त्यांच्याच विद्यापीठातल्या राल्फ वूल्फ यांच्याकडे मिथेनजनक वाढवण्याचं कसब होतं, कारण हे जीव प्राणवायू लागला की मरतात. त्या मिथेनजनकांचा आरएनए ताडला तर तो कुठल्याच जिवाणूशी जुळेना. दृश्यकेंद्रकींशीही जुळेना. वूज आणि जॉर्ज फॉक्स यांनी १९७७ मध्ये जाहीर केलं की ही सजीवांची तिसरीच शाखा आहे.

बऱ्याच जणांनी ते उडवून लावलं. पण मग बाकीचे पुरावे त्याच दिशेनं यायला लागले. यांच्या पेशीपटलातले मेद वेगळ्या रासायनिक बंधानं जोडलेले. पेशीभित्तिकेत जिवाणूंचं पेप्टिडोग्लायकन नाही, त्यामुळे पेनिसिलिनचा यांच्यावर परिणाम नाही. आरएनए बनवणारं विकर जिवाणूंपेक्षा आपल्या पेशींतल्या विकराशी जास्त मिळतंजुळतं. १९९० मध्ये वूज, कांडलर आणि व्हीलिस यांनी सृष्टीच्याही वरची पायरी सुचवली, ती डोमेन: जिवाणू, आर्किया, दृश्यकेंद्रकी. म्हणजे व्हिटाकरची मोनेरा ही सृष्टी दोन डोमेनमध्ये फुटली, आणि उरलेल्या चारही सृष्टी एकाच डोमेनमध्ये आल्या.

आता पुढचं. आर्क्टिक महासागराच्या तळाशी, 'लोकीचा किल्ला' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या उष्ण झऱ्यांजवळच्या गाळातून मिळालेल्या डीएनएवरून २०१५ मध्ये आर्कियांचा एक नवा गट उजेडात आला. त्यांच्याकडे अशी जनुकं आहेत जी तोवर फक्त दृश्यकेंद्रकींतच माहीत होती. जपानी शास्त्रज्ञांनी त्यांच्यातला एक जीव बारा वर्षं खपून प्रयोगशाळेत वाढवला आणि २०२० मध्ये त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं. आज बहुतेक पुरावा असं सुचवतो की दृश्यकेंद्रकी पेशी, म्हणजे ऊस, गाय, अळंबी, आपण सगळे, या आर्कियांच्याच फांदीतून फुटलो. तसं असेल तर मूळ डोमेन दोनच उरतात. लिन मार्ग्युलिस यांनी १९६७ मध्ये मांडलेलं तंतुकणिकेचं, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकाँड्रियाचं, मूळही यात जोडा, की ती एके काळी स्वतंत्र जिवाणू होती. मग प्रत्येक दृश्यकेंद्रकी पेशीत दोन्ही डोमेन एकत्र नांदतात.

गाईच्या पोटात तर सगळाच मेळा आहे. जिवाणू, आर्किया, केसाळ प्रोटोझोआ, आणि प्राणवायूशिवाय जगणारी बुरशीसुद्धा. या बुरशीचे पोहणारे बीजाणू आधी लोकांना प्रोटोझोआ वाटत. ती बुरशी आहे हे १९७५ मध्ये कॉलिन ऑर्पिन यांनी दाखवलं.

-----

विश्रामबाग_सांगली

गोबरगॅसचं वाचून मुलगी थक्क झाली. तिचे दोन प्रश्न. एक, करोनाचा विषाणू कुठल्या सृष्टीत? दोन, मसाल्यात घालतो ते दगडफूल कुठल्या सृष्टीत? दुसरा मीच घातलाय खरं तर, आज कांदा-लसूण मसाल्याची तयारी चालली आहे.

-----

सूक्ष्मदर्शी_कऱ्हाड

विषाणूचं सांगते. पुस्तकातल्या पाच सृष्टींत विषाणूला जागा नाही, कारण त्याला पेशी नाही आणि रायबोझोमही नाही, त्यामुळे वूजनं रायबोझोमवरून काढलेल्या वंशवृक्षावर त्याला टांगायला फांदीच मिळत नाही. पण विषाणूंची नावं ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीनं अलीकडे त्यांच्यासाठी वेगळी उतरंड केली आहे, तिच्यातही सृष्टी ही पायरी आहे. करोनाचा विषाणू रायबोव्हिरिया या सर्वोच्च गटात आणि ऑर्थोर्नाव्हिरी या सृष्टीत येतो. आठवीच्या पेपरात हे लिहू नये, पण तिला माहीत असू द्या.

-----

कास_पावसाळा

दगडफुलाचं मी सांगतो, कारण महाबळेश्वरच्या झाडांवर ते बघण्यात माझे पावसाळे गेलेत.

दगडफूल म्हणजे एक बुरशी आणि तिच्या तंतूंच्या जाळीत राहणारं हिरवं शैवाल यांचा एकत्र संसार. शैवाल उन्हात साखर बनवतं, बुरशी ओल धरते आणि निवारा देते. हे दोन वेगळे जीव आहेत असं स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ श्वेंडेनर यांनी १८६० च्या दशकात सांगितलं तेव्हा त्या काळचे मोठमोठे दगडफूल-तज्ज्ञ संतापले होते. मग सृष्टी कोणती? नियम असा की शिंपल्यासारख्या त्या अख्ख्या तुकड्याला दिलेलं शास्त्रीय नाव हे त्यातल्या बुरशीचं नाव मानायचं. म्हणून नोंद कवकांत. आतल्या शैवालाला त्याचं स्वतःचं वेगळं नाव असतं. काही दगडफुलांत शैवालाऐवजी नीलहरित जिवाणू असतात, आणि काहींत दोन्ही. एका चिमटीत तीन घराणी.

याच निमित्तानं कासबद्दल. पठारावर पावसाळ्यात दवबिंदू, म्हणजे ड्रॉसेरा, आणि सीतेची आसवं, म्हणजे युट्रिक्युलारिया, दोन्ही फुलतात. दोन्ही कीटकभक्षी. लोक विचारतात की प्राण्यासारखं खातात तर वनस्पती कशा? कासच्या जांभ्यावर मातीचा थर पातळ, नायट्रोजन आणि फॉस्फरसची टंचाई. ती टंचाई या वनस्पती किड्यांतून भरून काढतात. साखर मात्र पानात सूर्यप्रकाशावरच बनवतात. त्याहून बघण्यासारखी एजिनेशिया. गवताच्या मुळांवर जगते, हरितद्रव्य नाही, हिरवं पान नाही, नुसतं जांभळट वाकडं फूल जमिनीतून वर येतं. अन्न बनवत नाही म्हणून तिला वनस्पतीतून कुणी काढत नाही, कारण तिचं फूल, बी, जनुकं सगळी सपुष्प वनस्पतींचीच आहेत. येरळाकाठ म्हणतात ते इथे पटतं. कसा जगतो यापेक्षा कुणाचा कोण हे बघायचं.

-----

सज्जनगड_पायथा

मगाशी 'तुमचं-माझं आणि अळंबीचं नातं' असं येरळाकाठ लिहून गेले. ते खरंच का? आमच्या घरी वारुळावरची अळंबी पहिल्या पावसानंतर आवडीनं खातात, पण आजी चातुर्मासात खात नाही. ती नेहमी म्हणते की ही भाजी नाही.

-----

येरळाकाठ

आजी भाजी नाही म्हणतात ते जीवशास्त्रानुसार बरोबरच आहे. चातुर्मासात काय खावं हा मात्र श्रद्धेचा विषय, त्यात वर्गीकरणानं पडायचं कारण नाही.

नातं खरं आहे. १९९३ मध्ये बाल्डॉफ आणि पामर यांनी प्रथिनांचे क्रम ताडून दाखवलं की प्राणी आणि कवकं एकमेकांना वनस्पतींपेक्षा जवळची आहेत. इतर खुणाही आहेत. खेकड्याच्या कवचात आणि झुरळाच्या पाठीत असतं तेच कायटिन बुरशीच्या भित्तिकेत. साखर साठवायला आपण यकृतात ग्लायकोजेन करतो, बुरशीही ग्लायकोजेनच साठवते, वनस्पती स्टार्च साठवतात. आदिम बुरशीच्या पोहणाऱ्या बीजाणूला मागच्या बाजूनं ढकलणारी एकच कशाभिका असते, शुक्रपेशीला असते तशी.

याचा त्रास माणसाला रोज भोगावा लागतो. नायटा, गजकर्ण लवकर बरे का होत नाहीत? एक कारण हे की बुरशीची पेशी आपल्या पेशीशी इतकी मिळतीजुळती आहे की तिला मारेल पण आपल्याला इजा करणार नाही अशी जागा शोधणं अवघड. जिवाणूंच्या बाबतीत पेप्टिडोग्लायकनसारख्या जागा भरपूर सापडतात. बुरशीत सापडली ती जागा म्हणजे अर्गोस्टेरॉल, कारण आपल्या पेशीपटलात त्याऐवजी कोलेस्टेरॉल असतं. त्वचारोगाचे डॉक्टर देतात ते फ्लुकोनॅझोल, इट्राकोनॅझोल आणि आमच्या बागेत भुरीवर मारतात ती ट्रायझोलं, ही सगळी एकाच विकरावर बसतात.

-----

आल्याचा_वाफा_कोरेगाव

सगळं वाचलं. आता माझं काम सांगा. आल्याच्या प्लॉटमध्ये कूज लागली आहे. पानं पिवळी, कोंब लोळतायत. दुकानदार एकदा मेटॅलॅक्झिल देतो, एकदा कार्बेन्डाझिम. दोन्ही झाली. काही जागी थांबलं, काही जागी नाही. हे पण सृष्टीचंच प्रकरण आहे का?

-----

येरळाकाठ

दादा, अगदी तेच. सातारा भागात आल्याची सड म्हणून जे सरसकट म्हणतात त्यात तीन वेगळे रोग असू शकतात आणि ते तीन वेगळ्या सृष्टींतले आहेत.

पिथियम हा ऊमायसीट, दावण्याचाच भाऊबंद. कोंबाचा बुंधा पाणी धरल्यासारखा मऊ होतो, ओढला की हातात येतो, कंद कुजून घाण वास येतो. पाणी साचलेल्या वाफ्यात हा आधी. मेटॅलॅक्झिल याच्यासाठी.

फ्युजेरियम ही खरी बुरशी. झाड सावकाश पिवळं पडतं, खुरटतं, उभ्या उभ्या वाळतं, पटकन लोळत नाही. कार्बेन्डाझिम चालतं ते यावर, पिथियमवर नाही.

तिसरा राल्स्टोनिया, तो जिवाणू. पानं गुंडाळतात, झाड भराभर मान टाकतं. यावर वरचं कुठलंच औषध चालत नाही.

ओळखायची सोपी रीत: मान टाकलेल्या झाडाचा कोंब बुंध्याजवळ धारदार सुरीनं कापा, काचेच्या पेल्यात स्वच्छ पाणी घ्या, कापलेलं टोक पाण्यात बुडेल असं न हलवता धरून ठेवा. काही मिनिटांत टोकातून दुधाळ धार खाली उतरली तर जिवाणू. धार नसेल तर पहिल्या दोनपैकी एक. जिथे थांबलं आणि जिथे नाही, दोन्ही जागची झाडं तपासा.

-----

आल्याचा_वाफा_कोरेगाव

केलं आत्ता. खालच्या बांधाकडची, जिथे औषधानं थांबलं होतं, तिथल्या कोंबाला धार नाही. वरच्या कोपऱ्यातल्या दोन्ही कोंबांना पांढरी धार आली, पेला गढूळ झाला.

-----

सूक्ष्मदर्शी_कऱ्हाड

दादा, मग वरच्या कोपऱ्यात बुरशीनाशकावर पैसे घालवू नका. रोगट झाडं कंदासकट आणि भोवतीच्या मातीसकट काढून प्लॉटबाहेर न्या, बांधावर टाकू नका. त्या कोपऱ्यातलं पाणी खालच्या वाफ्यांत उतरू देऊ नका, जिवाणू पाण्याबरोबर आणि अवजाराला लागलेल्या मातीबरोबर पसरतो. खुरपी धुऊनच खाली जा. या प्लॉटमधलं बेणं पुढच्या वर्षी धरू नका, वरून निरोगी दिसलं तरी आत जिवाणू असू शकतो. आणि त्या जागेवर लगेच टोमॅटो, वांगी, मिरची, बटाटा घेऊ नका, राल्स्टोनिया या सगळ्यांवर येतो. कृषी विज्ञान केंद्रात दोन्ही जागचे नमुने वेगवेगळ्या पिशव्यांत, कोपऱ्याचं नाव लिहून द्या.

-----

येरळाकाठ

खालच्या बांधाकडे चर काढून पाणी मोकळं करा, तिथे पिथियमची शक्यता जास्त. नमुन्याचा निकाल आला की इथेच टाका.

@विश्रामबाग_सांगली ताई, पेपरचं राहिलंच. आठवीला पाच सृष्टी, व्हिटाकर, १९६९ असंच लिहायचं. अकरावीला प्रश्नात डोमेन असेल तर वूज आणि तीन. केवडा, म्हणजे दावण्या, कशामुळे होतो असं कुठे विचारलं तर पुस्तकात बुरशी असेल तसं लिहावं, आणि शिक्षकांना वर्गात जरूर विचारावं.